अक्षरांचे शिल्पकार शेठ जावजी दादाजी

आपल्या ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा जो प्रघात आहे, त्यास अनुसरून यंदा आम्ही शेठ जावजी दादाजी चौधरी यांचे चरित्र सादर करीत आहोत. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक म्हणून त्यांचे नाव सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. आपल्यापैकी ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या वेळच्या पोथ्या असतील, त्यांनी त्या जरूर उघडून पाहाव्यात. एखाद्या तरी पोथीच्या मुखपृष्ठावर निर्णयसागराचे नाव आढळेल. जावजीशेठांची ज्ञाती पाहून आम्ही हे चरित्र निवडलेले नाही, त्यांचे काम पाहून निवडले आहे. हे काम लोखंड, तांबे, लाकूड, दगड आणि सोनाराच्या हातची नाजूक कोरणी या पाचही गोष्टींशी निगडित होते. आपल्या पांचाळ समाजाची पाच शिल्पे तीच होत. म्हणून आपल्या कुटुंबांतील मुलामुलींनी हे चरित्र वाचावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे.

आपण छत्रपती संभाजीनगर येथील रहिवासी. अक्षर कोरण्याची विद्या आपल्या या जिल्ह्यास नवी नाही. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात वाकाटक राजाचा मंत्री वराहदेव याचा शिलालेख आहे, तर वेरूळच्या दशावतार लेण्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग याचा. दीड हजार व बाराशे वर्षांपूर्वीची ही अक्षरे कोणा पाथरवटाने छिन्नीने खोदली. दानधर्म करणाऱ्या राजाचे व मंत्र्याचे नाव त्या लेखांनी आजवर राखले. ज्या हातांनी ते खोदले त्यांची नावे मात्र लोपली. वेरूळचे दहावे लेणे तर विश्वकर्म्याच्याच नावाने ओळखले जाते. दगडात लाकडी तुळयांसारख्या फासळ्या कोरलेले ते चैत्यगृह सुताराची झोपडी म्हणून लोकांच्या तोंडी आहे, आणि तेथील बुद्धमूर्तीस विश्वकर्मा मानून सुतारमंडळी पूजा करीत आली. इतके असूनही, कागदावर छापलेले अक्षर मुळात कसे घडते याची कल्पना आपल्यातील फार थोड्यांस असेल. जावजीशेठांचे चरित्र सांगावयाचे तर ती हकीकतही सांगितली पाहिजे.

छापखाना येण्यापूर्वी आपल्याकडे पोथ्या बोरूने लिहीत. बोरूची जीभ तिरपी कापलेली असे. तिच्या योगाने एक रेघ जाड व एक बारीक अशी आपोआप उमटे. आज आपण ज्यास बालबोध वळण म्हणतो, त्याचे सारे सौंदर्य या तिरप्या जिभेतून आलेले आहे. हे वळण धातूत कसे उतरवावे, हा मोठा प्रश्न होता. 1805 साली मिरजेस गंगाधरराव पटवर्धन यांनी तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरवून भगवद्गीता छापविली. त्याच वर्षी बंगालमध्ये श्रीरामपूर येथे विल्यम केरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण देवनागरी खिळ्यांत छापून निघाले. त्या श्रीरामपूरच्या ओतशाळेतील खिळ्यांचा पाया पंचानन कर्मकार या कारागिराने घातला होता, आणि त्याच्यामागे त्याचा जावई मनोहर याने ते काम चालविले. कर्मकार म्हणजे आपल्या भाषेत लोहार. म्हणजे पूर्वेकडे नागरी अक्षरास पोलादात जन्म देणारा पहिला हात एका लोहाराचा होता, ही गोष्ट आपल्या समाजाने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

मुंबईत अमेरिकन मिशनने 1817 च्या सुमारास मराठी छपाई सुरू केली. पुढे त्याच छापखान्यात काम शिकलेले गणपत कृष्णाजी यांनी 1831 साली स्वतःच्या शिळाप्रेसवर मराठी पंचांग छापले. छापील कागदास हात लावण्यास त्या काळी सनातनी मंडळी तयार नसत. शाईत चरबी असते, हा त्यांचा आक्षेप असे. गणपत कृष्णाजींनी तुपाची शाई तयार करून तो आक्षेप दूर केला. या सर्व घडामोडींनंतर आठ वर्षांनी, म्हणजे 1839 साली, मुंबईत जावजींचा जन्म झाला.

जावजींचे बालपण दारिद्र्यात गेले. पितृछत्र लहानपणीच हरपले. शाळेत रमण्याच्या वयात, दहाव्या वर्षाच्या सुमारास, ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात कामास लागले. पगार दरमहा दोन रुपये, आणि काम खिळे घासण्याचे. हे काम काय असते ते आधी सांगितले पाहिजे, कारण त्यांच्या पुढील साऱ्या कर्तृत्वाचे मूळ आम्हांस त्यातच दिसते.

साच्यातून ओतून बाहेर पडलेला खिळा खडबडीत असतो. त्याच्या बुडाशी धातूची शेपटी राहते. ती मोडावी लागते. मग खिळ्याच्या बाजू सपाट दगडावर किंवा कानशीवर घासून गुळगुळीत कराव्या लागतात. जास्त घासला तर खिळा अंगाने बारीक होतो आणि ओळीत सैल बसतो. कमी घासला तर शेजारच्या अक्षरापासून दूर राहतो. इंग्रजी अक्षरांत अशी किंचित फट चालून जाते, कारण ती अक्षरे मुळातच सुटी असतात. आपल्या देवनागरीस शिरोरेषा आहे. एका शब्दातील सर्व अक्षरांच्या डोक्यावरची रेघ एकसंध दिसली पाहिजे. केसाएवढी फट पडली तरी शब्द तुटल्यासारखा वाटतो. रोज शेकडो खिळे बोटांखालून जाणाऱ्या त्या मुलाच्या हातास हे अंतर डोळ्यांआधी कळू लागले असले पाहिजे. कोणत्याही कारखान्यात पोरासोरांकडे सोपविले जाणारे हे हलके काम. परंतु अक्षराच्या चुका पहिल्याने ज्याच्या हाती लागतात, तो हाच घासणारा मुलगा होय.

या छापखान्याच्या ओतशाळेवर थॉमस ग्रॅहम हे देखरेख करीत. देवनागरी खिळ्यांचे पंच कोरण्यात ते निष्णात होते, आणि त्यांच्या हाताखाली काही एतद्देशीय कारागीरही तयार झाले. जावजींना ही विद्या तेथेच पाहावयास व शिकावयास मिळाली. पुढे त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश अशा छापखान्यांतून नोकरी केली. प्रत्येक ठिकाणी पगारात थोडी वाढ आणि ज्ञानात बरीच भर, असा तो प्रवास होता. ओतकाम, जुळणी, छपाई, हिशेब, गिऱ्हाइकाची गरज, या सर्व अंगांची माहिती त्यांनी नोकरीच्या वर्षांतच करून घेतली.

1864 साली, वयाच्या पंचविशीत, त्यांनी स्वतःची टाइप ओतण्याची शाळा काढली. भांडवल तुटपुंजे होते. परंतु एक ठेवा त्यांच्यापाशी होता. तो म्हणजे त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू. राणोजी हे पंच कोरण्यात अत्यंत कुशल कारागीर होते. जावजींची दृष्टी व व्यवहार आणि राणोजींचा हात, असा हा योग जुळून आला. वाचकहो, हे दुसरे नावही आपण पहिल्या नावाइतकेच जपून ठेवावे, अशी आमची विनंती आहे. तिचे कारण पुढे येईलच.

आता अक्षर कसे घडते ते पाहू. उदाहरणादाखल एकच अक्षर घेऊ, ‘क’.

प्रथम अक्षर कागदावर मोठे काढतात. बोरूचे जाड-बारीक वळण, मधल्या दांड्याची उंची, डाव्या वाटोळ्याचा पोकळ भाग, उजव्या पायाचा झोक, या सर्वांचे प्रमाण येथेच ठरते. हे ‘क’ एकटे शोभून चालत नाही. ते ‘म’च्या शेजारी, ‘ल’च्या शेजारी, ‘ळ’च्या शेजारी बसणार असते. सर्व वर्णमालेची जाडी व उंची एका घराण्यातील भावंडांप्रमाणे जुळली पाहिजे. म्हणून एक अक्षर काढणे सोपे; पन्नास अक्षरे एका वळणाची काढणे हे खरे चित्रकाराचे काम.

नंतर येते पोलादाची कांडी. तिचे तोंड सपाट घासून त्यावर अक्षर उलटे उतरवितात, आरशात दिसावे तसे. पुस्तकात नेहमी वापरल्या जाणाऱ्या पायका मापाच्या खिळ्याची उंची इंचाचा सहावा भाग. त्यात मधले अक्षर, डोक्यावरील मात्रा आणि पायाखालील उकार इतक्यांस जागा हवी. म्हणजे मूळ अक्षरास उरते ती जागा ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. एवढ्याशा जागेत बोरूचा डौल आणावयाचा. अक्षरातील पोकळ भाग कोरण्यासाठी कित्येकदा दुसरा एक छोटा पंच करून तो पोलादात ठोकतात, म्हणजे पोकळी एकदम स्वच्छ उठते. बाहेरील बाजू कानशीने व कोरणीने उतरवितात. सोनार नथीच्या फासात जे बारीक काम करतो, तेच हे काम. फरक एवढाच की सोने मऊ असते आणि चुकले तर आटविता येते. पोलादावरून जादा गेलेली कानस परत घेता येत नाही.

काम चालू असताना कारागीर वारंवार परीक्षा घेतो. पंचाचे तोंड दिव्याच्या ज्योतीवर धरतो. त्यावर काजळी बसते. मग ते कागदावर दाबतो. काळेभोर अक्षर कागदावर उमटते. हा झाला अक्षराचा पहिला ठसा. तो भिंगातून पाहावयाचा, शेजारच्या अक्षरांच्या ठशांशी ताडून पाहावयाचा, आणि पुन्हा कानस हाती घ्यावयाची. मन भरेतो हेच. एकदा अक्षर मनाजोगे उतरले की पंच तापवून लाल करावयाचा, त्यास पाणी द्यावयाचे, आणि मग बेताने पुन्हा ऊब देऊन त्याचा ठिसूळपणा घालवावयाचा. विळ्याला व पटाशीला पाणी देणाऱ्या आपल्या लोहारास यातील एकही पायरी समजावून सांगावी लागणार नाही.

हा कडक झालेला पंच तांब्याच्या तुकड्यावर ठेवून ठोकतात. तांब्यात अक्षराचा खळगा पडतो. त्यास मातृका म्हणतात. नाव किती यथार्थ आहे! हजारो खिळ्यांची ती माताच. ठोकताना तांबे बाजूंनी फुगते. ते घासून खळग्याची खोली व बाजू मापात आणावी लागते. मग ही मातृका ओतण्याच्या साच्याच्या तळाशी बसवितात, आणि वरून वितळलेला धातू ओततात. हा धातू मुख्यत्वे शिशाचा. त्यात कठीणपणासाठी व थंड होताना आकसू नये म्हणून अँटिमनी, आणि रस नीट वाहावा म्हणून कथील मिसळतात. ओतताना साच्यास हाताने एक झटका द्यावा लागतो, म्हणजे रस अक्षराच्या अगदी टोकापर्यंत पोचतो. झटका कमी पडला की मात्रेचे टोक बोथट होते. साचा उघडला की खिळा बाहेर पडतो, आणि मग तो जातो घासणाऱ्या मुलाकडे, ज्या जागी कधीकाळी जावजी स्वतः बसले होते.

इंग्रजीस मोठी व लहान मिळून बावन्न अक्षरे पुरतात. आपल्या लिपीस स्वर, व्यंजने, अर्धी अक्षरे, काना-मात्रा-वेलांट्या, रफार, आणि जोडाक्षरांची मोठी फौज लागते. संस्कृत ग्रंथ छापावयाचे तर ‘ङ्क्ष’, ‘द्ध्य’ यांसारखी जोडाक्षरेही हवीत. म्हणजे एका मापाच्या एका वळणासाठी शेकडो पंच, शेकडो मातृका. माप बदलले की सर्व काम पुन्हा पहिल्यापासून. निर्णयसागराने लहान-मोठ्या अनेक मापांचे खिळे तयार केले, आणि ते इतरही छापखान्यांस विकले. या कामामागे किती वर्षांची बैठक असेल, याचा वाचकांनीच विचार करावा.

1869 साली जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. मुंबईतील कोलभाट गल्ली हे त्याचे ठिकाण; पुढे हीच गल्ली देशोदेशीच्या संस्कृत पंडितांस पुस्तकांच्या मुखपृष्ठावरून परिचित झाली. निर्णयसागर पंचांग घरोघर गेले. 1881 साली विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादकत्वाखाली मुलांसाठी बालबोध मासिक सुरू झाले, त्यामागेही जावजींचाच आश्रय होता. 1886 पासून काव्यमाला निघू लागली. जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि काशिनाथ पांडुरंग परब यांनी तीत संस्कृतातील कितीतरी दुर्मिळ काव्ये व नाटके शोधून, शुद्ध करून प्रसिद्ध केली. जी हस्तलिखिते एखाद्या मठात किंवा शास्त्र्याच्या घरी कापडात गुंडाळून पडली होती, ती साध्या विद्यार्थ्यास परवडेल अशा किमतीत मिळू लागली. 1890 साली काव्यसंग्रह मासिकाच्या द्वारे जुन्या मराठी कवींनाही हाच लाभ झाला.

निर्णयसागराच्या पुस्तकांचा लौकिक दोन गोष्टींसाठी होता. एक, मुद्रण शुद्ध. दोन, अक्षर सुबक. जावजी स्वतः संस्कृतचे पंडित नव्हते. परंतु पंडितास योग्य मान द्यावा, त्यास निवांतपणे काम करू द्यावे, मुद्रिते पुनःपुन्हा तपासून घ्यावीत, आणि घाईने पुस्तक बाहेर काढू नये, हे त्यांनी आपल्या धंद्याचे नियम केले होते. ज्याचे बालपण खिळ्यांतील केसभर फरक शोधण्यात गेले, त्यास ग्रंथातील चूक सहन न व्हावी यात नवल नाही.

येथे आपल्या भागाकडे वळून एक गोष्ट सांगावीशी वाटते. 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत आपला मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, आणि आपले शहर औरंगाबाद या नावाने ओळखले जात असे. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. उर्दू पुस्तके व वृत्तपत्रे त्या काळी मुख्यतः शिळाप्रेसवर छापली जात. त्यांचे लेखन कातिब नावाचे कुशल लेखक करीत. नस्तालिक लिपीत अक्षरे तिरपी उतरत जातात, एकमेकांवर झुकतात. ती चौकोनी खिळ्यांत बसविणे फार अवघड. म्हणून कातिब विशिष्ट शाईने कागदावर मजकूर लिही, तो दगडावर उठविला जाई, आणि त्या दगडावरून प्रती निघत. म्हणजे उर्दूच्या प्रत्येक पानामागे एका लेखकाचा जिवंत हात असे. ही कला मोठ्या मानाची होती, आणि या शहराने तिचे उत्तम नमुने पाहिलेले आहेत.

देवनागरीचा मार्ग निराळा झाला. आपल्याकडे हात एकदाच पोलादात उतरला, आणि तेथून लाखो पानांवर गेला. आपल्या पूर्वजांच्या घरी आलेल्या निर्णयसागरी पोथीतील ‘क’ आणि पुण्यातील, नागपुरातील किंवा काशीतील तशाच पोथीतला ‘क’ हे एकाच पंचाची लेकरे असू शकत. राजभाषा निराळी असतानाही मराठवाड्यातील घरांतून मराठी व संस्कृत अक्षराचे जे वळण मुलांच्या डोळ्यांत बसले, त्यात या मुंबईच्या ओतशाळेचा वाटा आहे. पाटीवर ‘क’ गिरविताना त्याचा डौल कोणी ठरविला, हे कोणत्याही मुलाने विचारले नाही. विचारले असते, तर घरात उत्तर देणारे कोणी नव्हते.

हाच मुद्दा आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो. निर्णयसागराच्या मुखपृष्ठांवर ग्रंथकर्त्याचे नाव आहे, टीकाकाराचे आहे, संशोधन करणाऱ्या पंडिताचे आहे, आणि मालकाचेही आहे. राणोजी आरूंचे नाव मात्र वाचकाच्या नजरेस पडत नाही. वस्तुतः पुस्तक उघडल्यापासून मिटेपर्यंत वाचक पाहत असतो ते त्यांचेच काम. मुद्रणकलेचा इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांचे नाव नोंदवून ठेवले म्हणून ते आपल्यापर्यंत पोचले. बाकीचे ओतारी, घासणारे, साचे जुळविणारे काळाच्या उदरात गडप झाले. यात जावजीशेठांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी कारागिरास मित्र मानले व बरोबरीने वागविले, हीच त्यांची थोरवी. दोष आहे तो समाजाच्या रीतीचा. आपल्याच शहरातील बीबी का मकबरा पाहावा. त्याच्या प्रवेशद्वारावरील लेखात शिल्पज्ञ अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावे आहेत. दरवाजावर दोन नावे कोरल्याने त्या इमारतीचा मान उणावला नाही. तद्वत प्रत्येक पुस्तकावर अक्षर घडविणाऱ्याचे नाव असते, तर पुस्तकाचाही मान उणावला नसता.

5 एप्रिल 1892 रोजी जावजीशेठांचे देहावसान झाले. वय अवघे त्रेपन्नाच्या घरात. दोन रुपयांच्या नोकरीपासून सुरू झालेले आयुष्य ज्या उंचीवर संपले, ती उंची केवळ पैशाची नव्हती. त्यांच्या पश्चात तुकाराम जावजी व पुढे पांडुरंग जावजी यांच्या नावाने निर्णयसागराचे ग्रंथ प्रसिद्ध होत राहिले, आणि संस्कृत शिकणाऱ्या पिढ्यान्पिढ्या त्यांवर पोसल्या.

पुढे काळ बदलला. यंत्रावर खिळे ओतले जाऊ लागले. नंतर खिळेच गेले. गेल्या शतकाच्या अखेरीस गावोगावच्या छापखान्यांतील लाकडी केसेस रिकाम्या झाल्या आणि त्यांतील शिसे भंगारात गेले. आज अक्षर संगणकावर घडते. पण तेथेही आधी कोणीतरी ते हाताने काढावे लागते. आपल्यापैकी अनेकजण संगणकावर मराठी वाचताना जे मंगल नावाचे वळण पाहत आले, ते रघुनाथ कृष्ण जोशी यांनी रेखिले. र. कृ. जोशी हे मराठी कवी, सुलेखनकार आणि मुंबईच्या आय. आय. टी.तील अध्यापक, 2008 साली ते निवर्तले. जाहिरातीच्या धंद्यात उमेदीची वर्षे घालवूनही ते अक्षराकडे चित्र म्हणून पाहत, आणि चित्रकाराच्या निष्ठेने त्याचा अभ्यास करीत. जावजी-राणोजींच्या ओतशाळेतील तोच प्रश्न, बोरूचा डौल नव्या साधनात कसा टिकवावा हा, शंभराहून अधिक वर्षांनी त्यांच्याही समोर होता. साधन बदलले, प्रश्न बदलला नाही.

आता आपल्या समाजाविषयी दोन शब्द लिहून हा लेख पुरा करतो. आपल्या घरांतील मुले आज शिकून इंजिनियर, डॉक्टर, शिक्षक होत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु त्याबरोबरच आजोबांची कोरणी, ऐरण, पटाशी माळ्यावर गेली, आणि त्या हत्यारांची नावेही नातवंडांस सांगता येईनात. हाताने काम करणे म्हणजे शिक्षणात मागे राहणे, अशी एक चुकीची समजूत आपल्यातच रुजली आहे. पंचानन कर्मकार, राणोजी आरू आणि जावजी दादाजी यांची आयुष्ये या समजुतीचे खंडन करतात. विद्येचा एवढा प्रसार या देशात झाला, तो पंडितांच्या बुद्धीने झाला हे जितके खरे, तितकेच तो कानस व ऐरणीच्या बळावर झाला हेही खरे आहे. पोलादाचा पंच नसता, तर काव्यमालेतील काव्ये हस्तलिखितांतच राहिली असती.

म्हणून आम्ही मंडळाच्या सभासद कुटुंबांपुढे एक साधी सूचना ठेवतो. प्रत्येक घराने आपल्या वडीलधाऱ्यांपैकी जे कोणी कारागीर होते, त्यांचे नाव, त्यांचे काम आणि त्यांनी घडविलेल्या एखाद्या तरी वस्तूची माहिती लिहून काढावी. देवळाचा दरवाजा, लाकडी वाड्याचा खांब, तांब्याचा हंडा, मंगळसूत्राची वाटी, नांगराचा फाळ, काहीही चालेल. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत ती नावे छापण्याचा आमचा मानस आहे. ज्यांनी इतरांची नावे कोरण्यात आयुष्य घालविले, त्यांची स्वतःची नावे एकदा तरी छापील अक्षरांत यावीत. जावजीशेठांचे आणि राणोजींचे स्मरण करण्याचा याहून योग्य मार्ग आम्हांस सुचत नाही.

श्रीविश्वकर्मा आपल्या सर्वांच्या हातांस यश देवो.